बाळंतपणानंतर मूत्राशय फाटणे : कसे ओळखावे, उपचार काय?

घरात बाळ आले की सगळे विचारतात, बाळाने शू केली का, शी केली का, दूध नीट ओढते का. बाळंतिणीला लघवी झाली का, हे विचारायचे मात्र राहून जाते. ती स्वतः लाजेने सांगत नाही. कधी टाक्यांच्या दुखण्यात तिच्याही लक्षात येत नाही.

बहुतेक वेळा यातून काही बिघडत नाही. पण क्वचित एखाद्या बाईचे मूत्राशय, म्हणजे आपण जिला लघवीची पिशवी म्हणतो ती, बाळंतपणात किंवा त्यानंतर फाटते. हा आजार दुर्मिळ आहे आणि वेळेत ओळखला तर पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेतू शकते. पोलादपूर, महाड आणि आंबेनळी घाटातल्या वाड्यांवर राहणाऱ्यांना मोठे रुग्णालय लांब पडते. त्यामुळे घरच्यांनी आणि आमच्यासारख्या गावपातळीवरच्या डॉक्टरांनी तो लवकर ओळखणे इथे जास्त महत्त्वाचे आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• बाळंतपणानंतर ६ तासांत लघवी झालीच पाहिजे. सिझरनंतर लघवीची नळी काढली की तिथून पुढे ६ तास मोजा.
• लघवी कमी होणे आणि पोट फुगत जाणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर घरगुती उपाय करत थांबू नका.
• रक्तातले क्रिएटिनिन वाढले म्हणजे प्रत्येक वेळी किडनी खराब झाली असे नाही. लघवी पोटात सांडत असली तरी ते वाढते.
• लघवीची नळी घालणे हा पहिला उपचार आहे आणि तो जवळच्या सरकारी दवाखान्यातही होऊ शकतो.

बाळंतपणात मूत्राशयाला धोका का असतो?

मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढे, त्याला चिकटून असते. साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी त्यात आरामात मावते. कळा सुरू झाल्यावर बाळाचे डोके खाली सरकते, मूत्राशय वर ढकलले जाते आणि लघवीचा मार्ग दाबला जातो. अशा वेळी लघवी साठून राहू शकते.

बाळ झाल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. गरोदरपणात अंगात साठलेले जास्तीचे पाणी किडनी बाहेर टाकू लागते, त्यामुळे लघवी नेहमीपेक्षा जास्त तयार होते. दुसरीकडे खालच्या भागाला सूज असते, टाके दुखतात, पाठीतल्या भुलीचा असर असतो, म्हणून मूत्राशय भरल्याची जाणीव मंदावते. मूत्राशय भरत राहते आणि बाईला कळत नाही. काठोकाठ भरलेल्या मूत्राशयाची भिंत ताणून पातळ होते. त्यावर दाब आला किंवा ती आधीच दुखावलेली असेल, तर ती फाटू शकते.

मूत्राशयाला इजा कशी होते?

१. सिझरच्या वेळी. हा त्यातल्या त्यात जास्त दिसणारा प्रकार आहे. साधारण हजार सिझरमागे दोन-तीन वेळा मूत्राशयाला इजा होते. आधी सिझर झाले असेल तर मूत्राशय जुन्या व्रणाला घट्ट चिकटलेले असते आणि ते सोडवताना छेद जाऊ शकतो. बहुतेक वेळा ही इजा शस्त्रक्रियेतच लक्षात येते आणि तिथल्या तिथे शिवली जाते. लक्षात आली नाही तर पुढच्या काही दिवसांत त्रास सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के बाळंतपणे सिझरने झाली होती, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर गेले. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाला येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या पोटावर आधीचा व्रण असतो.

२. जुन्या सिझरची शिवण उसवून. आधी सिझर झालेल्या बाईला कळा येत असताना गर्भाशयावरचा जुना व्रण फाटू शकतो आणि कधी त्याबरोबर मूत्राशयही फाटते. अचानक असह्य दुखणे, लघवीतून रक्त आणि बाळाचे ठोके कमी होणे ही याची चिन्हे आहेत. इथे मिनिटांचा प्रश्न असतो.

३. नैसर्गिक बाळंतपणानंतर. सगळ्यात दुर्मिळ आणि ओळखायला सगळ्यात अवघड. लांबलेल्या कळा, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली प्रसूती, पोटाची आधीची शस्त्रक्रिया आणि मुख्य म्हणजे भरलेले मूत्राशय ही कारणे असू शकतात. लक्षणे एक-दोन दिवसांत दिसतात, कधी आठवडाही जातो.

४. फिस्टुला नावाचा जवळचा आजार. यात मूत्राशय एकदम फाटत नाही. बाळाचे डोके तासन्‌तास अडकून राहिल्याने मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधली भिंत दबून मरते. साधारण ३ ते १० दिवसांनी तिथे भोक पडते आणि अंगावरून सतत लघवी गळू लागते. ‘बाळंतपणानंतर लघवी सुटतेच’ असे म्हणून हे दुर्लक्षू नये. खोकताना-शिंकताना दोन थेंब येणे वेगळे आणि दिवसरात्र कपडे ओले राहणे वेगळे.

घरी काय दिसते?

• ६ तास उलटूनही लघवी नाही, किंवा पुन्हा पुन्हा जाऊनही थोडी थोडीच होते
• लघवीतून रक्त. योनीतून जाणाऱ्या रक्तात ते मिसळल्याने लवकर कळत नाही, म्हणून डॉक्टर नळीने लघवी काढून पाहतात
• ओटीपोटात दुखणे, मग पूर्ण पोट फुगत जाणे
• मळमळ, उलट्या, ताप, धाप लागणे
• आडवे झाल्यावर खांद्यात दुखणे. पोटात सांडलेली लघवी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला झोंबते, म्हणून दुखते खांद्यात

यात दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे मूत्राशय तट्ट भरल्याने होणारा त्रास ते फाटल्यावर थोडा वेळ कमी होतो. बाईला बरे वाटते, घरच्यांनाही हायसे वाटते आणि पोट हळूहळू फुगू लागते. दुसरी म्हणजे फाटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी बाहेर येऊ शकते. म्हणून ‘होतेय की थोडी थोडी’ हे उत्तर पुरेसे नाही. किती झाली, हे विचारा.

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट फुगले की ‘वारा धरला’ म्हणतात. मग ओवा-शेप दिली जाते, शेक दिला जातो, पोट घट्ट बांधले जाते. साधा वात असेल तर बाईला गॅस सुटतो, लघवी भरपूर होते आणि एका दिवसात पोट हलके होते. लघवी कमी असताना फुगत जाणारे पोट बांधू नका. आतून काय भरते आहे हे आधी कळले पाहिजे.

क्रिएटिनिनचा गोंधळ

हा भाग घरच्यांनी नीट समजून घ्यावा, कारण निदान बरेचदा इथेच वाट चुकते.

बाळंतीण फुगलेले पोट आणि कमी लघवी घेऊन दवाखान्यात येते. रक्त तपासले तर क्रिएटिनिन, युरिया आणि पोटॅशियम वाढलेले दिसते. पहिला विचार ‘किडनी फेल’ असा येतो आणि घरच्यांच्या कानावर डायलिसिस हा शब्द पडतो.

प्रत्यक्षात किडनी आपले काम चोख करत असते. तिने गाळून काढलेली लघवी फाटलेल्या मूत्राशयातून पोटात सांडते. पोटाच्या आतले अस्तर ती शोषून घेते आणि बाहेर टाकलेले क्रिएटिनिन परत रक्तात येते. रिपोर्टमध्ये आकडा चढतो, पण दोष किडनीत नसतो. लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामे ठेवले, किंवा पोटातले पाणी काढले, की हा आकडा एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतो. खऱ्या किडनीच्या आजारात तो सहसा इतक्या लवकर उतरत नाही.

याचा अर्थ डायलिसिसला नकार द्या असा नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके किंवा जंतुसंसर्ग यांमुळे किडनी खरोखर बंद पडू शकते. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले तर कारण कोणतेही असो, डायलिसिस जीव वाचवते. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारा : ‘डॉक्टर, पोटात पाणी दिसते आहे का, आणि ते लघवीचे असू शकेल का?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

कोणत्या तपासण्या होतात?

लघवीची नळी : नळी घातल्यावर किती लघवी आली आणि ती लाल आहे का, हे पाहतात. भरपूर लघवी आली म्हणजे मूत्राशय शाबूत आहे असे मात्र नाही. कधी नळीचे टोक फाटलेल्या जागेतून पोटात जाते आणि तिथे साठलेली लघवी बाहेर येते.

सोनोग्राफी : पोटात पाणी आहे का, किडनीला सूज आहे का, हे दिसते. फाटलेली जागा सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही.

पोटातल्या पाण्याची तपासणी : सुईने थोडे पाणी काढून त्यातले क्रिएटिनिन मोजतात. ते रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त निघाले तर पोटात लघवी आहे, हे जवळजवळ निश्चित होते. तपासणी सोपी, स्वस्त आणि साध्या प्रयोगशाळेत होणारी आहे.

सीटी सिस्टोग्राम : ही सगळ्यात खात्रीची तपासणी. नळीतून साधारण ३०० मिलिलिटर किंवा जास्त औषधी द्रव मूत्राशयात भरून सीटी स्कॅन करतात. द्रव कुठून आणि कुठे गळतो ते स्पष्ट दिसते. शिरेतून औषध देऊन केलेल्या नेहमीच्या सीटीत मूत्राशय पुरेसे भरत नाही आणि छोटे छिद्र सुटू शकते. म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे’ असे कळले तर मूत्राशय भरून केली होती का, हे विचारा.

दुर्बिणीची तपासणी : मूत्राशयात दुर्बीण घालून भोक कुठे आहे आणि किडनीकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडे सुरक्षित आहेत का, ते पाहतात. फिस्टुलाचा संशय असेल तर मूत्राशयात निळे औषध भरून योनीत ठेवलेला कापूस निळा होतो का, हेही तपासतात.

उपचार

आधी जीव सांभाळायचा, मग भोक. लघवीची नळी, सलाइन, प्रतिजैविके आणि पोटॅशियमवर नियंत्रण हे लगेच सुरू होते. पुढचा मार्ग मूत्राशय कुठे फाटले यावर ठरतो.

मूत्राशयाचा वरचा भाग फाटून लघवी थेट पोटाच्या पोकळीत जात असेल तर शस्त्रक्रिया लागते. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून फाटलेली जागा सहसा दोन थरांत, आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात आणि पोट आतून धुतात. काही दिवस पोटात एक छोटी नळी ठेवावी लागू शकते.

खालचा किंवा पुढचा भाग फाटून लघवी पोटाच्या पोकळीबाहेरच, आजूबाजूच्या मांसात साठत असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. साधारण दोन आठवडे नळी ठेवून मूत्राशय सतत रिकामे ठेवले की ते आपोआप भरून येते.

शिवल्यानंतरही नळी साधारण १ ते २ आठवडे ठेवतात. ती काढण्यापूर्वी बऱ्याचदा पुन्हा औषधी द्रव भरून गळती थांबल्याची खात्री करतात. फिस्टुला लहान असेल आणि लवकर सापडला तर काही आठवडे नळी ठेवून बंद होऊ शकतो. नाहीतर सूज ओसरण्यासाठी साधारण तीन महिने थांबून शस्त्रक्रिया करतात. तोवर सतत ओल्या कपड्यांमुळे बाई घरात बाजूला पडते. या काळात घरच्यांनी तिची साथ सोडू नये. हा आजार बरा होणारा आहे.

नळी घेऊन घरी आल्यावर

• लघवीची बॅग नेहमी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळीला पीळ पडत नाही ना, ते पाहा.
• घाटातून जीप किंवा एसटीने जायचे असेल तर निघण्याआधी बॅग रिकामी करा. बॅग मांडीवर ठेवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते.
• दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्या. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुवा.
• दोन तास बॅगेत काहीच आले नाही, ताप आला, पोट दुखू लागले किंवा लघवी लाल झाली तर लगेच दवाखाना गाठा.
• ठरलेल्या तारखेआधी नळी कुणाकडूनही काढून घेऊ नका. शिवण पक्की होण्याआधी मूत्राशय भरले तर ती पुन्हा उसवू शकते.

हे टाळता येते का?

सगळेच नाही, पण बरेचसे टाळता येते.

कळा सुरू असताना दर दोन-तीन तासांनी लघवीला जावे. जाता येत नसेल किंवा होत नसेल तर सिस्टर नळीने लघवी काढून देतात. बाळंतपणानंतर पहिल्या ६ तासांत लघवी झाली का आणि किती झाली, हे लिहून ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळची लघवी मापाच्या भांड्यात धरा. दरवेळी १५० मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल तर मूत्राशय नीट रिकामे होत नसण्याची शक्यता असते. सिस्टरला सांगा.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे. पाण्याने पोट सुटते, बाळाला सर्दी होते, असा समज त्यामागे असतो. त्यात तथ्य नाही. डिंकाचे लाडू द्या, अळिवाची खीर द्या, पण पाणी तोडू नका. पाणी कमी पडले की लघवी कमी होण्याचे खरे कारण झाकले जाते. लघवी अडलीच असेल तर मात्र पाणी पाजत बसू नका, दवाखाना गाठा.

आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन घेतील, ताप पाहतील. बाळंतिणीने त्यांना लघवीबद्दलही सांगावे.

पोलादपूर-महाडकरांनी आधी काय ठरवावे?

आपल्याकडे अनेक घरांत पहिले बाळंतपण मुंबईत आणि दुसरे गावी होते. पहिल्या सिझरचे कागद तिकडच्या खोलीत राहून जातात. ते मागवून घ्या, निदान मोबाइलवर फोटो तरी घ्या. आधीच्या शस्त्रक्रियेत मूत्राशय चिकटलेले होते का, त्याला इजा झाली होती का, हे त्यात लिहिलेले असू शकते. आधी सिझर झालेल्या बाईने कळा घरी काढू नयेत. जिथे रात्रीसुद्धा सिझर होऊ शकते, तिथेच नाव घाला.

पावसाळ्यातली तारीख असेल तर आणखी सावध राहा. जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद झाला होता. त्यानंतरही जोराच्या पावसात तो बंद ठेवावा लागतो. घाटातल्या वाड्यांनी जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर आठ-दहा दिवस आधीच खाली पोलादपूर-महाडला किंवा वर महाबळेश्वरच्या बाजूला नातेवाइकांकडे राहायला यावे. वर जायचे की खाली, हे आधीच ठरवा. ऐन वेळी रस्ता बंद दिसल्यावर ठरवण्यात तास जातात.

पुढे पाठवायची वेळ आली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी लघवीची नळी घालून घ्या, मग निघा. प्रवासाचे दोन-तीन तास मूत्राशय रिकामे राहिले तरी मोठा फरक पडतो. सोबतच्या चिठ्ठीवर बाळंतपणाची वेळ, शेवटची लघवी कधी झाली, नळीतून किती आली, रंग कसा होता आणि रक्ताचे रिपोर्ट लिहून घ्या. माणगावचे उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय, नवी मुंबई किंवा सातारा, जिकडे नेत असाल तिकडे शल्यचिकित्सक आणि सीटी स्कॅन आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारायला डॉक्टरांना सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. गरोदर आणि बाळंत बायकांसाठी १०२ ही सेवाही आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. पैशांचा विचार करत घरी थांबू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उपचार चालू असताना बाळाला दूध पाजता येते का?
हो. सिस्टोग्रामचे औषध मूत्राशयात भरतात, दुधात उतरण्याइतके ते रक्तात जात नाही. प्रतिजैविकेही दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशी निवडता येतात. आई अतिदक्षता विभागात असेल तर दूध काढून देता येते.

नंतर लघवीवर ताबा राहतो का?
बहुतेक बायकांचे मूत्राशय पूर्ववत काम करते. सुरुवातीचे काही आठवडे वारंवार जावे लागते, ते हळूहळू कमी होते.

किडनी कायमची खराब होते का?
कारण फक्त पोटात सांडलेली लघवी असेल आणि वेळेत उपचार झाले तर सहसा नाही. दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या.

पुन्हा मूल होऊ शकते का?
होऊ शकते. मात्र किती अंतर ठेवायचे आणि प्रसूती कशी करायची, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली असेल तर सहसा सिझरचाच सल्ला देतात. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत दाखवा.

हा लेख माहितीसाठी आहे. वर सांगितलेली लक्षणे दिसत असतील तर फोनवर सल्ला घेत बसण्यापेक्षा बाळंतिणीला प्रत्यक्ष दवाखान्यात न्या आणि गेल्या गेल्या सांगा : ‘हिला इतक्या तासांपासून नीट लघवी झालेली नाही.’